तिसरा पाट

मथुराबाईला अक्षरओळख नव्हती, पण ऐकावं कसं हे भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. तुम्ही म्हणाल, ऐकायला काय अक्कल लागते, कान असले म्हणजे झालं. असं म्हणणाऱ्याला तिच्या मागच्या अंगणात एक दुपार बसवायला हवं होतं. पाय पुसून पाटावर बसायचं, अध्याय चालू असताना उठायचं नाही, बोलायचं नाही, दारात पाहुणा आला तर त्यानं उभं राहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पहिल्या दिवशी जो पाटावर बसला तो समाप्तीला हजर हवाच. एक श्रोता कमी असला तरी पोथी थांबते.

हे सगळं तिनं साकोलीकडच्या आपल्या खेड्यातून लुगड्यांच्या गाठोड्यासोबत आणलं होतं. तिथं श्रावणात गुरुजी वाचायचे आणि तिचा बाप सगळ्यांत पुढं बसायचा. एका वर्षी तो मध्येच तापानं फणफणला. गावानं पोथी बांधून ठेवली, वाट पाहिली. तो काही उठला नाही. तेरावं झाल्यावर गुरुजींनी त्याचा पाट त्याच्याच जागेवर उलटा ठेवला आणि मग पुढचा अध्याय उघडला. गेलेल्या श्रोत्याचा पाट उलटा, अशी तिथली रीत. एवढीशी मथुरा त्या उलट्या पाटाकडे पाहत समाप्तीपर्यंत बसली होती. तेव्हापासून धुवून वाळत घातलेला पाट जरी उलटा दिसला, तरी ती हातातलं काम टाकून आधी तो सुलटा करायची. तिची पोरगी जया, तिला लहानपणी यावरून चांगले धपाटे बसले होते.

नवरा केवलराम भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होता. भट्टीपाशी उभा राहून राहून त्याचं बोलणंच आटलं होतं. घरी यायचा, आंघोळ करायचा, जेवायचा, झोपायचा. त्याच्याकडून काय ऐकणार कपाळ! जया वाचायला शिकली तेव्हा मात्र मथुराबाईची चांदी झाली. पोरीच्या शाळेच्या पुस्तकातला शेतकीचा धडासुद्धा तिनं पाट मांडून ऐकला होता. वर विचारलं होतं, "याची फलश्रुती काय?" पोथीच्या शेवटी लिहिलेलं असतं ना, हे जो ऐकेल त्याला अमुक मिळेल, तमुक टळेल, ते तिला शेतकीच्या धड्यातही हवं होतं.

चौऱ्याऐंशी साल. जया अकरावीत. मराठी मंडळाचं वाचनालय रविवारी उघडायचं आणि ते श्यामराव सांभाळायचे. नागपूरचे, प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड झाल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांनी जयाच्या हातात एक पुस्तक ठेवलं. लढाईच्या काळात लपून राहिलेल्या एका ज्यू मुलीची डायरी, मराठीत आलेली. "तुझ्याच वयाची होती," श्यामराव म्हणाले. "वाच. जगाचा इतिहास कळू दे जरा."

जया ते घेऊन दुपारी खाटेवर लोळत पडली, आणि मथुराबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊन समोर आली.

"मनातल्या मनात काय वाचून राहिली? मोठ्यानं वाच ना वो."

"आई, ही पोथी नाही. एका पोरीची डायरी आहे. ती घरच्यांसोबत लपून बसली होती."

"कोणापासून?"

"तिकडच्या सरकारपासून. ते लोक ज्यू होते. ज्यू दिसला की धरून नेत होते."

"कावून? चोऱ्या केल्या त्याहिनं?"

"काहीच नाही केलं. ज्यू होते, एवढंच."

मथुराबाईनं सूप खाली ठेवलं. मग आत गेली आणि पाट घेऊन आली. लाल फडकं आणलं, पुस्तकाला हळदकुंकू लावलं. जयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचनालयाचं पुस्तक, श्यामराव काय म्हणतील! "आई, ती काही देव नाही!"

"दुःख भोगलेल्या माणसाचं आहे ना? मंग बसून ऐकाव लागते. लोळून नाही."

तेवढ्यात मागच्या दाराची कडी दोनदा वाजली. तशी ती रोजच वाजायची. शेजारच्या क्वार्टरमधली पम्मी, परमजीत, करतारसिंगांची पोरगी. तिला पुढच्या दारानं येणं ठाऊकच नव्हतं. दोन्ही घरांच्या मागं एकच गल्ली. कडी दोनदा हलवायची आणि उघडायच्या आत "मौसी" म्हणायचं, अशी तिची सवय होती. जयाच्याच वर्गात. मराठी तिला निम्मंशिम्मं कळायचं.

"क्या चल रहा है?"

"बैस," मथुराबाई म्हणाली, आणि तिसरा पाट मांडला.

असं ते वाचन सुरू झालं. रोज दुपारी थोडं थोडं. अडलं की जया पम्मीला हिंदीत सांगायची. आणि काय सांगावं, एकच पुस्तक तिघी ऐकत होत्या, पण तिघींना तीन पोथ्या ऐकू येत होत्या. जयाला त्या पोरीचं लिहिणं आवडायचं. एवढं मनातलं कागदावर काढता येतं हेच तिला नवीन होतं. पम्मीला डायरीतल्या, सोबत लपलेल्या पोराची काळजी. पुढं त्यांचं जमणार की नाही, हे ती रोज आधी विचारून घ्यायची. मथुराबाईचा जीव अडकला होता त्या पोरीच्या आईत. पोरगी वहीत आईविषयी काहीबाही लिहायची, तेव्हा ही अध्याय संपण्याची वाट पाहायची आणि मग सुटायची.

"एवढे लोक, एक संडास, अन् दिवसा पाणी सोडाची बंदी! त्या मायनं कसं केलं असन? अन् ही पोट्टी तिलेच बोलते! समोर असती तं कान पिळला असता मी तिचा."

"मौसी, वो बेचारी बंद है अंदर," पम्मी हसायची.

"मायबी बंदच आहे ना वो!"

केवलराम एकदा पहिल्या पाळीवरून लवकर आला, दाराशी टेकून थोडं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "थंडीत कोळसा कुठून आणत असतीन?" मग आंघोळीला गेला.

दिवाळी झाली. पम्मीचे वडील करतारसिंग गावी गेले होते, लुधियान्याकडं, आजीला भेटायला. नोव्हेंबर लागता लागता परतायचे होते. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी रेडिओवर पंतप्रधानांच्या हत्येची बातमी आली. मारणारे शीख होते हे संध्याकाळपर्यंत सगळ्या टाउनशिपला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी हवाच फिरली. मोठ्या रस्त्यावर कोणीतरी टायर जाळलं. त्याचा काळा धूर सेक्टरमधून दिसत होता. दिल्लीत काय चाललंय त्याच्या नाही नाही त्या गोष्टी सायकलवरून घरोघर पोचत होत्या. करतारसिंगांच्या फाटकावरची नावाची पाटी त्यांच्या बायकोनं, सुरिंदरबाईनं, स्वतःच्या हातानं उपटून काढली.

मथुराबाई मागच्या गल्लीतून तिथं गेली. केवलराम ड्यूटीवर होता. त्याला विचारायचं वगैरे तिच्या मनातही आलं नाही. "चला," एवढंच ती म्हणाली. दोघी मायलेकींना आणून तिनं आतल्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागं बसवलं. मग पुढचं दार सताड उघडलं.

"आई, दार लाव!"

"दिवसा दार लावलं तं लोक म्हणतीन, कावून लावलं. पुस्तक आण."

जयाला वाटलं, आईचं डोकं फिरलं. पण दोन पाट मांडले गेले, लाल फडकं आलं, दिवाही लागला. वाचायला लागल्यावर जयाला कळलं की आज कुठलं पान आहे. लपलेली माणसं वर बसलीत, खाली कुणाची तरी पावलं वाजताहेत, आणि सगळ्यांनी श्वास धरून ठेवलाय. तिचा आवाज बसला. मथुराबाईनं मांडीला चिमटा काढला.

त्याच वेळी दारात भैयालाल आला. प्लांटवर केवलरामच्याच गँगमध्ये कामाला, रोजच्या ओळखीचा; पण त्याच्यासोबत दोन माणसं होती, ती ओळखीची नव्हती.

"वहिनी, बाजूचे सरदारलोक कुठं गेले?"

मथुराबाईनं मान वर केली नाही. नुसतं एक बोट उचललं आणि पुस्तकाकडं दाखवलं. अध्याय चालू आहे.

आणि जयाला कुठून सुचलं देव जाणे, तिनं त्या डायरीला चाल लावली. श्रावणातल्या ओवीची चाल! शब्द एकमेकांत गुंडाळत, ओळीच्या शेवटी सूर ओढत ती वाचत सुटली. भैयालालचे पाय आपोआप चपलेतून बाहेर आले. त्यानं हात जोडले. लाल फडक्यावरच्या त्या ज्यू पोरीला त्यानं वाकून नमस्कार केला आणि अध्याय संपायची वाट पाहत दाराशी उभा राहिला. सोबतची दोघंही उभी राहिली. करतात काय बापडे! जयानं अध्याय संपूच दिला नाही. तारीख आली की ती गिळायची आणि पुढं जायची. पानावर पान, पानावर पान. घशाला कोरड पडली. आतून एक पोतं सरकल्यासारखा आवाज आला, तशी तिनं सूर चढवला. शेवटी ती दोन माणसं कंटाळली, काहीतरी पुटपुटत निघाली, आणि भैयालाल पुन्हा एकदा हात जोडून त्यांच्या मागं गेला. त्याच्या मनात खरंच काय होतं, कोणास ठाऊक. पुढं कितीतरी वर्षं तो दिवाळीला फराळाला यायचा आणि मथुराबाई त्याला करंजी द्यायची, पण त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही.

पोत्यांमागून पम्मी बाहेर आली तेव्हा तिनं दुपट्टा तोंडात कोंबलेला होता. "मैंने सब सुना," ती म्हणाली. "वो भी ऐसे ही बैठी थी ना?"

जयानं पाण्याचा पेला तिच्यापुढं धरला.

चार दिवसांत सेक्टर शांत झाला. मायलेकी आपल्या घरी गेल्या. पण करतारसिंग आले नाहीत. तार केली तर उत्तर आलं, ते केव्हाच निघालेत. दिल्लीवरून येणारी प्रत्येक गाडी दुर्गच्या स्टेशनवर सुरिंदरबाईनं पाहिली. एकदा मथुराबाईही सोबत गेली. त्या गाड्यांत शिखांचं काय काय झालं होतं ते तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं, फक्त सुरिंदरबाईसमोर कोणी बोलत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, मी स्वतः जाऊन शोधते. पोरीला मागं ठेवायला तयार होईना.

"पम्मीले इथं राहू दे," मथुराबाईनं हात धरून सांगितलं. "दोन पोरी मले जड नाही."

"वो नहीं मिले तो मेरे पास यही है, दीदी," सुरिंदरबाई म्हणाली. मथुराबाईनं हात सोडला.

जायच्या दुपारी मथुराबाईनं पाट मांडले. डायरीची थोडीच पानं उरली होती. "आज समाप्ती करून घेऊ. नारळ आणला आहे. प्रसाद घेऊन जा."

पम्मीनं पुस्तक जयाच्या हातातून घेतलं, मिटलं आणि लाल फडक्यात बांधून मथुराबाईच्या मांडीवर ठेवलं. "नहीं मौसी. आके सुनूँगी. मेरे बिना खतम मत करना."

"नाही करत," मथुराबाई म्हणाली. "जा. तुह्याबिगर नाही."

लुधियान्याहून एक कार्ड आलं: पोचलो, पापाचा पत्ता नाही, आता दिल्लीला जाऊन निर्वासितांच्या कॅम्पांमध्ये पाहणार. त्यानंतर काही नाही. जयानं पाठवलेली पत्रं कुठं गेली कोणास ठाऊक, उत्तर आलं नाही. वर्षभरात ते क्वार्टर एका तेलुगू कुटुंबाला मिळालं.

डायरीचा शेवट जयानं पम्मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी न्हाणीत उभं राहून वाचला होता. वही एका तारखेला थांबते, आणि मग दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली पानं येतात. ती वाचून तिनं नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली तेव्हा आईनं तिच्याकडं पाहिलं, पण विचारलं काही नाही. मथुराबाईला विचारायचंच नव्हतं. पुस्तक देव्हाऱ्याशेजारी गेलं, तिसरा पाट भिंतीला उभा राहिला.

श्यामरावांनी आधी निरोप पाठवले, मग स्वतः आले. पुस्तक हवंय म्हणाले, लोक मागतात.

"समाप्ती झाली नाही," मथुराबाई म्हणाली.

"अहो, चार पानं राहिली असतील! आणि शेवट काय, सगळ्या जगाला माहीत आहे. ती पोरगी पुढं—"

मथुराबाई उठली, खलबत्ता ओढला आणि त्यात मूठभर सुक्या मिरच्या टाकून कुटायला लागली. श्यामरावांना अशा शिंका लागल्या की चहासुद्धा राहिला. त्यानंतर त्यांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. पुढं एकदा गणपतीत मंडळात कोणा पाहुण्याचं त्याच पुस्तकावर भाषण होतं. विषय कळताच मथुराबाई भर सभेतून उठून घरी आली. लोक हसले. जयाला हसू आलं नाही, तिला भीती वाटली.

कारण घरात दुसरंच काही चालू झालं होतं. वाऱ्यानं कडी एकदा वाजली की मथुराबाईचा हात थांबायचा. दुसऱ्यांदा वाजते का, याची वाट पाहायची. वाजली नाही की पुन्हा काम सुरू. केवलराम म्हणाला, फडकं गुंडाळून टाकतो कडीला, आवाज नको. त्या गरीब माणसावर ती अशी ओरडली की तो जेवणाचं ताट घेऊन बाहेर जाऊन बसला. श्रावणात पोथी असली की तिसरा पाट मांडलेला असायचाच, आणि त्याच्यापुढं पाण्याचा पेला. एका दुपारी दोनदा वाजली. मथुराबाई पिठाच्या हातानं धावली, दार उघडलं. तेलुगू शेजारणीची चिमुरडी कडीशी खेळत होती. मथुराबाईनं तिला धरून गदागदा हलवलं, "कावून वाजवली? कावून?" म्हणून विचारत राहिली, आणि पोर रडायला लागल्यावर तिलाच छातीशी धरून स्वतः रडली. दुर्गच्या बाजारात लांब वेणीची, सलवार घातलेली कोणी पाठमोरी दिसली की ती मागं मागं जायची. वर्षं जात होती, पम्मीचं वय वाढलं असेल हे तिच्या लक्षात नव्हतं असं नाही. ती बरोबर तेवढ्या तेवढ्या वयाच्या बाईमागं जायची.

जयाचं लग्न झालं, ती गोंदियाला शाळेत शिकवायला लागली. दरवर्षी माहेरी यायची आणि ते लाल फडकं पाहायची. सांगून टाकावं का आईला? दरवेळी न सांगताच परतायची. शेवट सांगणं म्हणजे पम्मीचा पाट आपल्या हातानं उलटा करण्यासारखं तिला वाटायचं.

आणि मग केवलराम रिटायर झाला. प्लांटची नोकरी संपली की प्लांटचं क्वार्टरही सोडावं लागतं. दुर्गजवळ बोरसीला त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, सामान निघालं. मथुराबाई निघेना.

"मी नाही येत. तुम्ही जा."

"म्हातारे, प्लांटवाले सामान बाहेर फेकतीन!"

"फेकू दे. तिले हेच दार माहीत आहे. बोरसी कुठं आहे ते कोण सांगन तिले?"

केवलरामनं जयाला बोलावणं पाठवलं. जया आली तेव्हा घर रिकामं झालेलं होतं. भिंतींवर कॅलेंडरांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या. आतल्या खोलीत तीन पाट, एक देव आणि आई. केवलराम अंगणात ट्रकवाल्याशी बोलत असल्याचं सोंग करत होता.

"आई, समाप्ती करू," जया म्हणाली.

"एक श्रोता कमी आहे."

"तुझ्या गावी श्रोता कमी झाला, तेव्हा काय केलं होतं?"

हे तोंडातून गेलं आणि जयाला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. मथुराबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की वाटलं आता धपाटा बसतो. पण ती उठली. दोन पाट मांडले. तिसरा भिंतीपासून ओढला आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली. उलटा की सुलटा? पाटाच्या खालच्या बाजूच्या पट्ट्यांवरून तिचा अंगठा फिरत होता.

मथुराबाईनं पाट सुलटा ठेवला. पुढं पाण्याचा पेला ठेवला.

"श्रोता जिवंत, अन् त्याच्याबिगर समाप्ती! रीत मोडून राहिलो मी," ती म्हणाली. "दोष लागला तं मले लागन, तिले नाही. वाच."

जयानं वाचलं. वही थांबली ती तारीख वाचली आणि न थांबता पुढची पानंही वाचली. कोणीतरी लपलेल्यांची खबर दिली. सगळ्यांना धरून नेलं. आई आधी गेली. मग बहीण, आणि मग ती. सुटकेच्या थोडंच आधी. चाल नव्हती, सूर नव्हता, जया शाळेत वाचते तसं सरळ वाचत गेली, आणि संपलं तेव्हा पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

मथुराबाई हलली नाही. अध्याय संपल्याशिवाय विचारायचं नाही. तो संपला होता.

"मायबी गेली?"

"हो."

"मी उगाच बोलत होतो त्या पोट्टीले. अन् बाप?"

"बाप जगला. घरातला तो एकटाच परत आला. त्यानंच मग तिची वही छापली."

मथुराबाई तिसऱ्या पाटाकडं पाहत होती. "तिच्या पोथीत बाप आला, पोर नाही आली," ती सावकाश म्हणाली. "आपल्या इथं बाप नाही आला." पुढचं वाक्य तिनं उच्चारलं नाही. जयाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि आईला हे असलं कुठलं गणित मांडू नको म्हणून सांगायची तिची हिंमत झाली नाही. खरं तर तिला स्वतःलाही ते गणित हवं होतं.

"फलश्रुती वाच."

"यात नसते आई फलश्रुती."

"अशी कशी नसन? मंग आपणच म्हणाव लागते." मथुराबाईनं हात जोडले, डोळे मिटले. "हे जो ऐकन, त्याले मागच्या दाराची कडी ऐकू येवो."

नारळ फुटला. प्रसादाचा एक वाटा तिसऱ्या पाटावर ठेवला गेला. केवलराम आत आला, हात पुढं करून आपला वाटा घेतला आणि परत ट्रककडं गेला. पुस्तकावरचं लाल फडकं मथुराबाईनं सोडलं. श्यामराव कधीच नागपूरला परत गेले होते, पण वाचनालय होतं. "देऊन ये आता त्याहिचं," ती म्हणाली.

मग ती चप्पल घालून मागच्या दारानं बाहेर पडली. "तू आत थांब. दार लावून घे. अन् पुढच्या खोलीत जाऊन उभी राय."

"कशाला?"

"थांब म्हणलं ना."

जयानं दार लावलं आणि पुढच्या रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहिली. ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. आणि मग मागं कडी वाजली. एकदा. आणि थोडं थांबून दुसऱ्यांदा, अगदी तशीच.

जया धावली. आई बाहेर आहे, हे तिला माहीत होतं. तरी ती धावली, मधल्या दाराच्या चौकटीला खांदा आपटला तेही तिला कळलं नाही, आणि दार उघडताना तोंडातून "पम्मी" निघून गेलं.

दारात आईच होती. एक हात कडीवर, दुसऱ्या हातात पदर. ती जयाकडं पाहत नव्हती, तिच्या खांद्यावरून आतल्या पाटाकडं पाहत होती.

"पुढच्या खोलीत ऐकू आलं?"

"आलं आई," जया म्हणाली. "चांगलं ऐकू आलं."

"मंग ठीक आहे. इथं राहाले येणारी नवी बाई काल घर पाहाले आली होती, तिले सांगून ठेवलं आहे मी. बोरसीचा पत्ता देऊन ठेवला." मथुराबाईनं कडी सोडली. "अन् तो पाट राहू दे तिथंच. मी तिले म्हणलं, वापर बाई, बस त्याच्यावर, पोरं बसव. फक्त उलटा करू नको."

केवलरामनं बाहेरून हाक मारली. मथुराबाई गल्लीतूनच ट्रककडं चालायला लागली.